चवथीनंतर आठवडाभर शिडाची बोट: स्प्लिट, लेफकाडा की लिस्बन?

मिरामारवारा (पणजी)

येत्या वर्षी चवथ आटोपली की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच जणांनी युरोपात शिडाची बोट भाड्याने घ्यायचा बेत आहे. माणसे अशी: मी आणि बायको (दोनापावलाला लेसर, होबी या छोट्या शिडाच्या बोटी चालवतो, केबिनवाल्या मोठ्या बोटीचे सुकाणू अजून हातात घेतलेले नाही), बहीण, तिचा नवरा (तारवटी, जहाजावर थर्ड ऑफिसर, शिडाशी संबंध नाही) आणि वडील, वय ६८, गुडघे कुरकुरणारे. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय.

तीन जागा डोक्यात आहेत. क्रोएशियात स्प्लिट, ग्रीसमध्ये लेफकाडाच्या आसपासची आयोनियन बेटे, किंवा पोर्तुगालात लिस्बन ते लागुश. गोव्यातून विचार करताना लिस्बन आधी सुचते हे सांगायला नको. यातली कोणती घ्यावी? बोट स्वतः चालवायची तर कागद कोणते लागतात? रोज किती सागरी मैल धरले तर गावात उतरून फिरायला वेळ उरतो? आणि पाच जणांच्या जेवणाचे काय?

बोट साधारण ३८ ते ४० फुटांची बघतोय.

खारेवारे (वास्को)

लिस्बन आधी खोडा. ओढ समजते, पण पहिल्या आठवड्यासाठी तो किनारा नाही.

कारणे सांगतो. पोर्तुगालचा पश्चिम किनारा उघड्या अटलांटिकवर आहे. उन्हाळाभर तिथे उत्तरेचा वारा वाहतो, त्याला नोर्ताद म्हणतात. दुपारनंतर तो चांगलाच चढतो आणि त्याच्यासोबत समुद्राची मोठी लाट असते. दक्षिणेला जाताना वारा पाठीवर, मजा येते. पण भाड्याची बोट लिस्बनलाच परत द्यायची असेल तर परतीचा सगळा प्रवास त्याच वाऱ्याच्या तोंडावर. बंदरेही लांब लांब. काश्काइश ते सिनिश पन्नासच्या वर सागरी मैल, सिनिश ते लागुश सत्तरच्या वर, मध्ये साव्ह व्हिसेंतचे भूशिर. साडेपाच नॉटच्या (तासाला साडेपाच सागरी मैल) सरासरीने सत्तर मैलांना तेरा तास लागतात, आणि सप्टेंबरअखेरीला उजेड बाराच तास. म्हणजे एक टोक अंधारातच. शिवाय मच्छीमारांच्या सापळ्यांचे बोये वाटेत विखुरलेले. २०२० पासून त्या पट्ट्यात ऑर्का देवमासे शिडाच्या बोटींची सुकाणू मोडतात, त्यामुळे किनाऱ्यालगत कमी खोलीतून जायचा सल्ला देतात. उधाणाला भरती-ओहोटीचा फरक तीन मीटरहून जास्त. मांडवीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा ओळखणाऱ्याला त्याचे भय वाटणार नाही, पण तेवढ्यासाठी सुट्टी खर्ची का घालायची? लिस्बनला विमानाने जा, जेरोनिमुश मठातली वास्को द गामाची कबर बघा, ट्राममध्ये बसा, आणि बोट दुसरीकडे घ्या.

आता क्रोएशियाचा एड्रियाटिक आणि ग्रीसचा आयोनियन समुद्र. दोन्हीकडे भरती-ओहोटी जवळपास नसतेच. दक्षिण एड्रियाटिकमध्ये फरक एक-दीड फुटाचा. म्हणजे गोव्यात आपण सगळ्यात आधी जे बघतो ते कोष्टक तिथे बघायचेच नाही. तिथे सगळे वाऱ्यावर. चांगल्या हवेत दिवसाचा ठरलेला क्रम असतो. सकाळी पाणी सपाट, अकराच्या सुमारास वायव्येचा वारा सुरू, दोन ते पाच १० ते २० नॉट, सूर्य बुडाला की बंद. क्रोएशियात याला माएस्त्राल म्हणतात. हा आपला खारा वाराच, फक्त दिशा ठरलेली.

बिघडवणारे तीन. बुरा: ईशान्येचा, डोंगरावरून खाली कोसळणारा, थंड, झटक्याझटक्याने येणारा. आकाश निरभ्र असते म्हणून फसवतो. मुख्य भूमीवरच्या डोंगराच्या माथ्यावर पांढऱ्या ढगाची टोपी बसली की समजावे. जुगो: आग्नेयेचा, दोन-तीन दिवस हळूहळू वाढतो, वायुभार उतरतो, हवा दमट-धुरकट होते, लाट मोठी होते. सप्टेंबर सरता सरता याचे प्रमाण वाढते. तिसरा नेवेरा, म्हणजे पश्चिमेकडून येणारे वादळी ढग: अर्धा-पाऊण तास धुमाकूळ, मग काही झालेच नाही असा समुद्र. बुरा आणि जुगोचा अंदाज एक-दोन दिवस आधी मिळतो. नेवेऱ्याचा नेमका तास कोणी सांगू शकत नाही; काळे दिसले की शीड आधीच पूर्ण गुंडाळायचे. क्रोएशियाच्या हवामान खात्याचा, म्हणजे डीएचएमझेडचा, सागरी अंदाज रोज सकाळी वाचा. फोनमधले वाऱ्याचे ॲप बेटांमधल्या खिंडीतला वारा बऱ्याचदा कमी दाखवते.

एजियन बेटांचे नाव तुम्ही घेतले नाही ते बरे. जुलै-ऑगस्टात मेल्तेमी वारा तिथे सलग कित्येक दिवस ६-७ बोफोर्टने (वाऱ्याच्या जोराचे माप) वाहतो.

माझे मत स्प्लिट.

शिक्कामोर्तब (म्हापसा)

कागदांचे बोलतो.

क्रोएशियात बोटीवरच्या किमान एकाकडे दोन गोष्टी हव्यात: बोट चालवण्याचा मान्य परवाना आणि व्हीएचएफ रेडिओचे प्रमाणपत्र. दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि ताबा घ्यायच्या शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर अडकतात. ग्रीसमध्ये परवानाधारक कप्तान आणि त्याच्या जोडीला बोट सांभाळू शकेल असा दुसरा माणूस, अशी दोन नावे द्यावी लागतात.

युरोपात ज्याला आयसीसी म्हणतात ते प्रमाणपत्र संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४० क्रमांकाच्या ठरावावर चालते. भारत त्या आयोगाचा सदस्य नाही, त्यामुळे आपले सरकार ते देत नाही. उरणारे मार्ग असे:

आरवायए या ब्रिटनच्या नौकानयन संस्थेचा डे स्किपर (कप्तानाचा) प्रॅक्टिकल कोर्स, पाच दिवसांचा, बोटीवर राहून करायचा. त्याआधी नकाशा, होकायंत्र, दिवे, नियम यांची थिअरी ४० तासांची, ती ऑनलाइन होते. आयवायटी या प्रशिक्षण संस्थेचा बेअरबोट स्किपर हाही चालतो. व्हीएचएफचा कोर्स वेगळा, एका दिवसाचा.

दुसरा मार्ग क्रोएशियाचाच, ब वर्गाचा परवाना. तिथल्या बंदर कप्तानाच्या कार्यालयात परीक्षा होते, परदेशी माणसालाही देता येते, ३० ग्रॉस टनापर्यंतची खासगी वापराची बोट चालते आणि रेडिओचा भाग त्यातच येतो. स्वस्त आणि झटपट. पण ही तोंडी-लेखी परीक्षा आहे. ती पास झालेला माणूस बारा मीटरची बोट उलटी नेऊन दोन बोटींच्या फटीत लावू शकतो, असा अर्थ कोणी काढू नये.

तारवटी जावयाच्या कागदांबद्दल: जीएमडीएसएसचे जीओसी (जहाजावरच्या रेडिओचे प्रमाणपत्र) असेल तर रेडिओचा प्रश्न बहुतेक तिथेच मिटतो. थर्ड ऑफिसरचे प्रमाणपत्र शिडाच्या बोटीला चालेल असे मात्र गृहीत धरू नका. क्रोएशियाच्या सागरी मंत्रालयाची मान्य परवान्यांची देशवार यादी असते. सगळ्या कागदांचे स्कॅन बोटवाल्या कंपनीला पाठवा आणि 'हे चालेल' असे लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरा. फोनवरचे 'नो प्रॉब्लेम' बंदर कप्तानासमोर कामाला येत नाही.

व्हिसा शेंगेनचा, अल्प मुदतीचा. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, त्याच दिवशी युरोही आला, त्यामुळे जुने लेख वाचून कुना हे जुने चलन शोधत बसू नका. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. दिवस समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. प्रवासाच्या सहा महिन्यांआधीपासून अर्ज घेतात, किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. लिस्बन जोडणार असाल तर दिवस मोजा, नाहीतर अर्ज चुकीच्या दारात जाईल. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचा करार जोडा आणि त्यात पाचही नावे पासपोर्टप्रमाणे हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. विम्यात 'साहसी खेळ' वगळलेले असतात आणि काही पॉलिसींत शिडाची बोट त्यातच धरतात. ते कलम वाचूनच घ्या.

एक सापळा: दुब्रोव्हनिकपर्यंत गेलात की मॉन्टेनेग्रोचा कोतोर जवळ दिसतो. मॉन्टेनेग्रो शेंगेनबाहेर. एकेरी प्रवेशाचा व्हिसा तिथे गेलात की संपला. गोव्यात अर्ध्या कुटुंबाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो, त्यांना याचे काही नसते. तुमच्याकडे सगळे भारतीय, म्हणून सांगितले.

करारातल्या रकमा नीट बघा. अनामत सहसा दीड ते तीन हजार युरो, कार्डावर अडकवून ठेवतात, त्यामुळे कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या. अंतिम सफाई, चादरी, डिंगीचे (सोबतच्या छोट्या बोटीचे) इंजिन, पर्यटक कर हे वेगळे. अनामतीचा विमा मिळतो, पण हरवलेली डिंगी आणि तुंबलेले संडास त्यात बहुतेक येत नाहीत.

नांगरगडी (बेतुल)

वरच्या दोघांनी समुद्र आणि सरकार सांगितले. पण भूमध्य समुद्रात भाड्याची बोट मोडते ती धक्क्याला लावताना. छोट्या बोटीवाल्याला वारा कळतो, शीड कळते; सात टनांची बोट ब्रेकशिवाय मागे नेणे कळत नसते. गोव्यात बोट बोयाला किंवा नांगरावर राहते. तिकडे जागा कमी, म्हणून बोट काटकोनात, मागची बाजू धक्क्याला, पुढचे टोक पाण्याकडे. याचे दोन प्रकार.

पहिला, मरीनातला, म्हणजे सहलीच्या बोटींच्या बंदरातला. तळाशी काँक्रीटचा ठोकळा, त्याला बांधलेला जाड दोर, दोराचे दुसरे टोक बारीक दोरीने धक्क्याला. क्रोएशियात बहुतेक ठिकाणी हेच. आधी तयारी: दोन्ही बाजूंना फेंडर (धक्का झेलणाऱ्या उशा), मागच्या दोन्ही कोपऱ्यांना दोर, रेलिंगच्या बाहेरून फिरवून गुंडाळी हातात. रेलिंगच्या आतून घेतलेला दोर ताणला की रेलिंग वाकते आणि अनामत जाते. मरीनाला व्हीएचएफच्या १७ क्रमांकाच्या चॅनलवर हाक द्या (एसीआय या क्रोएशियन कंपनीच्या मरीना तिथेच ऐकतात), जागा विचारा, आणि बाहेर मोकळ्या पाण्यातच बोट उलटी करून ३०-४० मीटर सरळ मागे आणायला सुरुवात करा. मागे जाताना वेग आला तरच सुकाणू पाणी पकडते. फार हळू गेलात तर पुढचे टोक वाऱ्याने घसरते. रिव्हर्स घातल्याघातल्या बहुतेक बोटींची मागची बाजू डावीकडे खेचली जाते, पंख्याच्या फिरण्यामुळे. ते मोकळ्या पाण्यात एकदा बघून ठेवा.

धक्क्याजवळ आलात की वाऱ्याच्या बाजूचा मागचा दोर आधी द्यायचा. नेहमी. उलटे केले तर बोट शेजाऱ्यावर झोपते. तो दोर बसला की धक्क्यावरचा माणूस बारीक दोरी वर धरतो. ती हुकाने उचलून, बाहेरच्या बाजूने, हाताखालून सरकवत पुढच्या टोकापर्यंत चालत न्यायची. हातमोजे घाला, दोरावर शिंपले चिकटलेले असतात आणि ते ब्लेडसारखे कापतात. पुढे जाड दोर येईपर्यंत ओढा, ताणा, क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) बांधा. दोर पाण्यात सैल असेपर्यंत इंजिन न्यूट्रल. पंख्यात दोर गेला की पाणबुड्या बोलवावा लागतो आणि तो फुकट येत नाही. निघताना दोर सोडल्यावर पंधरा सेकंद थांबा, बुडू द्या, मगच गियर.

दुसरा प्रकार, स्वतःच्या नांगरावर. ग्रीसच्या गावांत सर्रास हाच, क्रोएशियात कधीमधी. इथे हिशोब करूनच जायचे. बोट १२ मीटरची. नांगर धक्क्यापासून ४५ मीटरवर टाकला तर बोट लागल्यावर पुढच्या टोकापासून नांगरापर्यंत साधारण ३० मीटर साखळी उरते. पाणी ६ मीटर, टोकाची उंची दीड मीटर, एकूण साडेसात, म्हणजे चौपट. हे धरते. घाबरून २५ मीटरवरच टाकला तर उरतात अकरा-बारा मीटर, दीडपट, आणि रात्री वारा आला की मागची बाजू धक्क्यावर आपटते. नव्या माणसाची ही सगळ्यात मोठी चूक. भाड्याच्या बोटीवर साखळी ५० मीटरच्या आसपास असते, ती किती आहे आणि खुणा कशा केल्यात हे ताबा घेताना विचारा.

क्रम असा: नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोट मागे जाईल त्या वेगाने साखळी सोडत राहा. पुढचा माणूस साखळी अडखळवत सोडेल तर बोट वाकडी होते, आणि दोष मात्र सुकाणूवाल्याला मिळतो. एक बोट अंतर उरले की साखळी थांबवा, नांगर रुतला का बघा. रुतला तर पुढचे टोक किंचित खाली दबते आणि साखळी ताठ होते. मग वाऱ्याच्या बाजूचा दोर, मग दुसरा, मग साखळी अजून ताणा. साखळी सहज आत येत राहिली तर नांगर घसरतोय. लाज न बाळगता पुन्हा बाहेर जा. शेवटी मागची बाजू धक्क्यापासून मीटर-दीड मीटरवर हवी आणि मध्ये चढायला-उतरायला फळी.

विंडलास (साखळी ओढणारे विजेचे यंत्र) चालवताना इंजिन चालू ठेवा, साधारण १५०० फेऱ्यांवर. बॅटरी एकट्याने ओढत नाही आणि ब्रेकर पडतो. तो ब्रेकर कुठल्या कपाटात आहे हे शनिवारी विचारले नाही तर सोमवारी शोधत बसाल. साखळी वर घेताना कोठडीत तिचा ढीग होऊन अडकते. एकाने तो ढीग आडवा पाडत राहायचे.

दुसऱ्याच्या साखळीखाली तुमचा नांगर अडकला तर ओढाताण नको. दोन्ही वर आणा, दुसऱ्याच्या साखळीखालून एक दोर घालून दोन्ही टोके तुमच्या क्लीटला बांधा, आता तिचा भार दोरावर. तुमचा नांगर मीटरभर खाली सोडा, तो सुटतो, वर घ्या, मग दोराचे एक टोक सोडा. पाच मिनिटांचे काम. आरडाओरडा केला तर तास.

बाजूचा वारा १५ नॉटच्या वर असेल तर पहिल्या दोन दिवसांत अशी जागा घेऊच नका. बोया घ्या किंवा आडवी जागा मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, धक्क्यावर दोनच्या आत पोहोचा. दोन वाजता जागा असते, वारा मध्यम असतो, मदत करायला माणूस मोकळा असतो. पाच वाजता तिन्ही नसतात.

मिरामारवारा

हे वाचून घाम फुटला, पण हेच हवे होते. दोन प्रश्न. डे स्किपरला वेळ नाही मिळाला तर स्किपर भाड्याने घेणे बरे का? आणि वडिलांना ती फळी जमेल का? कटमरान (दोन कवचांची बोट) घ्यावी का?

शिक्कामोर्तब

स्किपर दिवसाला २०० युरोंच्या आसपास आणि त्याचे जेवण तुमच्याकडे. त्याला स्वतंत्र केबिन द्यावी लागते, म्हणजे पाच जण अधिक एक; तीन केबिनची बोट पुरणार नाही, चार केबिनची बघा. परवाना नसेल तर हाच मार्ग. परवाना असला तरी पहिले दोन दिवस स्किपर घेऊन पुढे स्वतः चालवण्याची सोय काही कंपन्या देतात, ती मागून बघा. स्किपरला पहिल्याच दिवशी सांगा की धक्क्याला आम्ही लावणार, तू शेजारी उभा राहा. नाहीतर आठवडाभर तुम्ही प्रवासी.

नांगरगडी

फळी फूटभर रुंद असते आणि हलते. गुडघेदुखीवाल्याला ती नको. बऱ्याच नव्या बोटींची मागची बाजू खाली उघडते आणि पोहायचा ओटा होतो, पण धक्का उंच असेल तर तोही उपयोगी नाही. कटमरानवर चढ-उतार सोपी, पायऱ्या कमी, बोट कलत नाही, ही खरी सोय. भाडे मात्र बरेच जास्त, मरीनातही जादा दर, आणि छोट्या गावांत तिला जागा मिळत नाही. वडिलांसाठी मी एकाच कवचाची बोट घेईन, पण रात्री मरीनात किंवा चांगल्या धक्क्यावर, आणि चढताना एक माणूस धक्क्यावर, एक बोटीवर. बोयावर राहिलात तर डिंगीत उतरावे लागते. ते फळीपेक्षा अवघड.

केप्याचो शिडकार (केपे)

मार्ग देतो. बोट स्प्लिटजवळच्या कास्तेला मरीनातून घ्या, विमानतळ जवळ आहे. आठवडा शनिवार ते शनिवार असतो, ताबा संध्याकाळी पाचच्या सुमारास. गोव्याहून थेट विमान नाही, म्हणून गुरुवारी किंवा शुक्रवारी पोहोचा. शनिवारी बॅगा हरवल्या तर बोट थांबते, भाडे थांबत नाही. बॅगा मऊ हव्यात, चाकांची कडक पेटी ठेवायला बोटीवर कोनाडाच नसतो.

आधीच्या मोकळ्या दिवशी ३७ क्रमांकाची बस धरून त्रोगिर बघा; १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, बेटावरचे छोटेसे दगडी गाव, दोन तासांत होते. स्प्लिटला डायोक्लेशियनचा राजवाडा: रोमन सम्राट ३०५ मध्ये निवृत्त होऊन तिथे राहायला आला, आणि आज त्याच भिंतींच्या आत लोक राहतात, कपडे वाळत घालतात. त्याची कबर होती तिथे आता कॅथेड्रल आहे. सकाळी आठच्या आत जा, क्रूझची गर्दी नंतर येते.

शनिवारी बोट घेऊन लगेच सुटू नका. ताब्याच्या वेळी सगळे व्हिडिओत घ्या. एक्झॉस्टमधून पाणी येते का, तळाला पाणी साचले आहे का, विंडलास वर-खाली, डिंगीचे इंजिन सुरू करून, संडासाचा पंप, गॅसची तोटी, दोन्ही शिडांच्या शिवणी, रीफचे (शीड लहान करायचे) दोर. गॉगल लावून पाण्यात उतरा, सुकाणू आणि पंखा बघा; आधीच्या माणसाने आपटलेले सुकाणू तुमच्या माथी येते ते असे.

रविवार: कास्तेला ते ब्राच बेटावरचे मिल्ना, बारा-चौदा मैल. मुद्दाम छोटे. वाटेत मोकळ्या पाण्यात अर्धा तास उलटे चालवायचा सराव.

सोमवार: मिल्ना ते ह्वार बेटावरचे स्तारी ग्राद, आणखी बारा मैल. सकाळी निघा, कारण त्या लांब खाडीचे तोंड वायव्येला आहे आणि दुपारचा माएस्त्राल सरळ आत येतो. इथे सायकली घ्या. गावामागचे मैदान बघायलाच हवे: इ.स.पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरच्या ग्रीकांनी वसाहत केली तेव्हा जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले, त्याच दगडी बांधांत आजही द्राक्षे आणि ऑलिव्ह पिकतात. २००८ मध्ये युनेस्कोने नोंद केली. जमीन सपाट, वडिलांनाही हळूहळू चालता येईल. गावात हेक्तोरोविच या कवीचा सोळाव्या शतकातला वाडा, आत माशांचे तळे.

मंगळवार: विस बेट, २२ ते २५ मैल, आठवड्यातला लांब टप्पा. सातला निघा. शेवटच्या बारा मैलांत आडोसा नसतो आणि शीड खरे तिथेच चालते. बाराच्या पुढे वारा चढेल, पहिला रीफ १८ नॉटलाच घ्या. विसचे बंदर ईशान्येला उघडे, म्हणजे बुऱ्याचा अंदाज असेल तर जायचे नाही.

बुधवार: विसलाच राहा. १९८९ पर्यंत हे बेट युगोस्लाव्ह लष्कराचा तळ होते, परदेशी माणसाला बंदी, म्हणून तिथे मोठी हॉटेले उभी राहिली नाहीत. इंग्रजांचा किल्ला, पाणबुडी लपवायचे बोगदे, आणि एक गंमत: नेपोलियनच्या काळातल्या विल्यम होस्ट या इंग्रज कप्तानाच्या नावाचा क्रिकेट क्लब या बेटावर आहे. बसने डोंगर ओलांडून कोमिझाला जा. तिथून लहान बोटी बिशेव्होच्या निळ्या गुहेकडे नेतात. उजेड अकरा-बाराच्या सुमारास उत्तम, स्वतःची बोट आत नेता येत नाही, आणि लाट असेल तर गुहा बंद.

गुरुवार: पाक्लेनी बेटांवरची पाल्मिझाना मरीना, बारा-तेरा मैल. बोट तिथे ठेवून टॅक्सी-बोटीने ह्वार शहरात. गावातल्या गावात बोट लावायच्या फंदात पडू नका. फेरी-बोटींच्या लाटांनी रात्रभर आदळते.

शुक्रवार: परत, पंचवीसच्या आसपास मैल.

सगळे मिळून पंच्याऐंशी-नव्वद मैल. याहून जास्त मैल धरले की गावे फक्त धक्क्यावरून दिसतात. जुगोचा अंदाज आला तर विस सोडून द्या आणि मिल्नातच दोन दिवस काढा, तिथे आडोसा चांगला. मार्ग उलटासुलटा करायची तयारी ठेवा, पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत परत येणे हलत नाही.

कुंभारजुव्याचा (तिसवाडी)

सगळे स्प्लिट स्प्लिट करताहेत म्हणून दुसरी बाजू. लेफकाडाहून टप्पे याहून छोटे: मेगानिसी आठ-दहा मैल, पुढे इथाका, केफालोनिया. बेटांच्या आडोशामुळे लाट बसते, गावच्या धक्क्यांना पैसे नाममात्र, जेवण स्वस्त. क्रोएशियात बोया आणि मरीनांचे आकडे बघून डोळे पांढरे होतात. लेफकाडाच्या कालव्यावरचा तरता पूल दिवसा तासातासाला उघडतो, उत्तरेकडून ये-जा करायची असेल तर तेवढी वेळ सांभाळायची. फिस्कार्दो १९५३ च्या भूकंपातून वाचलेले गाव, जुनी घरे तशीच.

नांगरगडी

खरे आहे, पण तिथे बहुतेक ठिकाणी स्वतःचा नांगर आणि फळी. आणि फिस्कार्दो दुपारी एकलाच भरते. मग समोरच्या खडकांना लांब दोर बांधून राहायचे, म्हणजे वडिलांना डिंगी. दुसऱ्या वर्षासाठी उत्तम. या वर्षी, या माणसांसह, मरीनातल्या तयार दोरांवर शिका.

सुंगटांकडी (मडगाव)

जेवणाचे कोणी बोललेच नाही.

युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे चोरीस (गोव्याचे सॉसेज) नाही, घरचे तूप नाही, पेढे नाहीत. तांदूळ, डाळ, मसाला, आमसुले, लोणचे चालते. सुकी मासळी ठराविक वजनापर्यंत चालते, पण बंद केबिनमध्ये सुके बांगडे उघडले तर शेजारची बोट जागा बदलेल.

चूल दोन बर्नरची, तीन किलोच्या सिलिंडरवर. तीन लिटरचा कुकर घेऊन जा, गॅस वाचतो आणि बोट डुलली तरी सांडत नाही. झाले की सिलिंडरची तोटी बंद, दर वेळी. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. २३० व्होल्टची वीज फक्त धक्क्याला जोडल्यावर. नारळ वाटणे विसरा, डब्यातले दूध घ्या.

पाणी: प्यायला माणशी तीन लिटर, पाच जण सात दिवस, १०५ लिटर, रविवारी अर्धे, विसला अर्धे घ्या. टाकीतले धुण्या-भांड्यांना, माणशी २० लिटर धरले तर रोज शंभर. बोटीची टाकी तीनशे-साडेतीनशेची असते, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी भरायची. संडासात कागद टाकायचा नाही, एकही नाही. मैल्याची टाकी खाडीत किंवा बंदरात सोडायची नाही, उघड्या समुद्रात दूर गेल्यावरच.

पहिल्या दिवसाचे जड सामान कास्तेलातल्या सुपरमार्केटातून, भाजी-मासळी स्प्लिटच्या बाजारातून सकाळी. बेटांवर दुकाने लहान आणि महाग.

मिरामारवारा

ठरले, स्प्लिट. डे स्किपर जानेवारीत करतो, तारवट्याला जीओसीचा स्कॅन मागवला. शुक्रवारी डिझेल भरून द्यायचे असते ना? रांग लागते म्हणतात.

केप्याचो शिडकार

लागते. तिथल्या प्रत्येक कंपनीच्या बोटी एकाच दुपारी परत येतात आणि पंप मोजके. पाल्मिझानाहून सहाला निघा, बाराच्या आत पंपावर. आठवड्याला साठ-पंचाहत्तर लिटर धरा. पावती जपून ठेवा. पंपावर बोट आडवी लावायची असते, फेंडर एकाच बाजूला सगळे, आणि रांगेत थांबताना मागच्या बोटीकडे लक्ष ठेवा. आठवडाभर सांभाळलेली बोट तिथे दुसरा येऊन ठोकतो.